ॲक्सिलरेटर परत येत नाही तेव्हा



या पानावर आपण नेहमी पीक, खत, जनावरे आणि घरातील आजार यांविषयी बोलतो. या वेळी गाडीविषयी बोलणार आहोत. कारण आज आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात बैलगाडीच्या जागी एखादी जुनी जीप, व्हॅन किंवा पिकअप उभी आहे. तिच्यातून भाजी मार्केटला जाते, खताची पोती येतात, आजारी माणूस दवाखान्यात पोहोचतो आणि पोरेबाळे जत्रेलाही जातात. बैल बिथरला तर कासरा ओढता येतो. पण गाडी बिथरली तर काय करायचे, हे कोणी शिकवीत नाही.

प्रथम आमचीच चूक सांगतो. आमच्या घरी एक जुनी गाडी आहे. काही वर्षांपूर्वी तिचे ॲक्सिलरेटर पेडल पाय काढल्यावर सावकाश वर येऊ लागले. मिस्त्रीकडे जायला सवड नव्हती. कोबी काढायला आला होता. तेव्हा आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली आणि बॉनेटखाली स्प्रिंगच्या जोडीला बांधली. पेडल टपकन वर येऊ लागले. आम्हांला आपल्या हुशारीचे कौतुक वाटले.

महिनाभराने आमचा पुतण्या पहाटे कोबीची पोती भरून खानापूर तालुक्यातून बेळगावच्या मार्केटला निघाला. वाटेत एका गावाजवळ उतार आहे. उताराच्या तळाशी बसथांबा आणि तेथे दुधाचे कॅन घेऊन उभी असलेली माणसे. पुतण्याने पाय काढला, पण पेडल खालीच राहिले. त्याने ब्रेक दाबला. इंजिन पुढे ओढते आणि ब्रेक मागे खेचतो, असे झाले. जळका वास सुटला. शेवटी त्याला गिअर आठवला. त्याने गाडी न्यूट्रल केली, तेव्हा ती दुधाच्या कॅनपासून चारपाच हातांवर थांबली. कोणाला लागले नाही. पण त्या दिवशी पुतण्या घरी आला तो दुपारपर्यंत कोणाशी बोलला नाही.

बॉनेट उघडून पाहिले तर इंजिनाच्या उष्णतेने ट्यूबची पट्टी मऊ होऊन चिकटली होती. आणि खरा रोग वेगळाच होता: केबलच्या आतल्या तारेचे दोन पदर तुटून नळीत अडकत होते. आम्ही रोग शोधला नव्हता, रोगावर फडके बांधले होते. हा धडा त्यासाठी लिहीत आहोत.

पायापासून इंजिनापर्यंत

दोष शोधायचा तर आधी रचना समजली पाहिजे. जुन्या गाडीत ती अगदी साधी असते. पायाखाली पेडल असते व ते एका खिळीवर झुलते. पेडलाच्या वरच्या टोकाला केबल जोडलेली असते. सायकलच्या ब्रेकच्या केबलसारखीच ही केबल: बाहेर नळी आणि आत पोलादी तार. जुन्या जीपसारख्या काही गाड्यांत केबलऐवजी लोखंडी दांड्या आणि सांधे असतात. केबलचे दुसरे टोक इंजिनावरील एका लहान दांडीला, म्हणजे लिव्हरला, जोडलेले असते.

पेट्रोल गाडीत हे लिव्हर कार्ब्युरेटरवर असते. त्याच्या दांड्यावर पितळेची एक गोल चकती असते. पेडल दाबले की चकती उघडते, हवा व पेट्रोल जास्त जाते आणि इंजिनाचा वेग वाढतो. डिझेल गाडीत लिव्हर बहुधा डिझेल पंपावर असते आणि ते डिझेल कमीजास्त करते.

आता महत्त्वाची गोष्ट. पेडल दाबण्याचे काम आपला पाय करतो, पण ते परत आणण्याचे काम पायाचे नाही. ते स्प्रिंगचे आहे. केबलमधली तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून पाय काढल्यावर सर्व भार त्या लहानशा स्प्रिंगवर असतो. वाटेत कोठेही गंज, चिखल, तुटलेला पदर किंवा काजळी आडवी आली आणि तिचा जोर स्प्रिंगपेक्षा जास्त झाला, की पेडल अडकले. तात्पर्य, दोन प्रश्न विचारायचे: स्प्रिंग कमजोर झाली आहे काय? आणि वाटेत अडथळा कोठे आहे?

रस्त्यावर अडकले तर

दुरुस्तीच्या आधी हे शिकून घ्यावे आणि घरातील प्रत्येक चालवणाऱ्याला शिकवावे.

१. क्लच पूर्ण दाबून गाडी न्यूट्रल करावी. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्यावे. इंजिन बिघडले तर दुरुस्त होते.

२. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा. पुन्हापुन्हा दाबून सोडू नये. ज्या पेट्रोल गाडीच्या ब्रेकला बूस्टर असतो, त्या गाडीत बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. ॲक्सिलरेटर उघडा अडकला म्हणजे ही ओढ फार कमी होते. साठलेली ओढ दोनतीन वेळा पाय मारल्यावर संपते आणि मग ब्रेक दगडासारखा लागतो.

३. हॉर्न वाजवावा, दिवे लावावे आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी.

४. गाडी थांबल्यावर हँडब्रेक ओढून इंजिन बंद करावे. गाडी चालू असताना किल्ली काढून घेऊ नये. काही गाड्यांत किल्ली काढली की स्टिअरिंगला कुलूप लागते.

५. खाली वाकून हाताने पेडल ओढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. डोळे रस्त्यावरून हटले की उरलेला उपायही हातचा जातो. रस्ता मोकळा असेल तर पायाने पेडलला एक झटका देऊन पाहता येते, पण एकदाच. सुटले तरी तशीच गाडी पुढे नेऊ नये.

चोर्ला किंवा अनमोड घाटातून माल नेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. उतारावर न्यूट्रल केल्यावर इंजिनाची अडवणूक मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून न्यूट्रल करून हळूहळू खाली सोडत न्यायचे नाही. ब्रेक घट्ट दाबून गाडी तेथेच उभी करायची, हँडब्रेक ओढायचा आणि चाकांखाली दगड लावायचे.

आधी पायाखाली पाहा

आपण दोष शोधायला बॉनेट उघडतो, पण पुष्कळदा तो पायाशीच असतो. चालकाच्या पायाखालची चटई पुढे सरकून पेडलाच्या डोक्यावर चढते. एकावर एक दोन चटया, गोणपाट, पाण्याची बाटली, विळा, खुरपे, बियाण्याचे पाकीट यांतले काहीही पेडलामागे जाऊ शकते. पावसाळ्यात चपलांचा लाल चिखल पेडलाच्या मुळाशी वाळून विटेसारखा घट्ट होतो.

ही गोष्ट लहान समजू नये. ऑगस्ट 2009 मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका लेक्सस गाडीचा अपघात होऊन चार माणसे गेली. गाडी चांगल्या स्थितीची होती. तिच्यात दुसऱ्या मॉडेलची जाड रबरी चटई टाकलेली होती आणि ती पेडलाला अडकली होती. त्यानंतर टोयोटा कंपनीने चटयांसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या. जानेवारी 2010 मध्ये तिने अमेरिकेतील सुमारे 23 लाख गाड्या आणखी एका कारणासाठी परत बोलावल्या: पेडलाच्या आतील घासणारा भाग झिजून व दमटपणाने पेडल सावकाश परतत होते किंवा अडकत होते. इतक्या मोठ्या कंपनीच्या नव्या गाड्यांत जे घडले, ते आपल्या जुन्या गाडीत घडायला वेळ लागत नाही.

तेव्हा चालकाच्या बाजूची सैल चटई आजच काढून टाकावी. टाकायचीच असेल तर त्या गाडीच्या मापाची, एकच आणि खुंटीला पक्की बसणारी टाकावी. पेडल शेवटपर्यंत दाबले तरी चटई आणि पेडल यांत मोकळी जागा राहिली पाहिजे.

लक्षणांवरून ओळख

ताप आला म्हणजे वैद्य आधी विचारतो, केव्हा येतो, किती वेळ राहतो. तसेच येथेही विचारावे.

पेडल दाबू लागताना प्रथम घट्ट लागते आणि मग एकदम सुटून गाडी उडी मारते, तर दोष बहुधा कार्ब्युरेटरच्या चकतीपाशी असतो. चकतीच्या कडेला काळा चिकट थर जमून ती बंद अवस्थेत चिकटते. किंवा कोणीतरी थांबा-स्क्रू फार मागे घेतला असेल, म्हणजे चकती नळीत पाचरीसारखी रुतते.

पेडल मध्येच कोठेही थांबून राहते, तर केबल किंवा पेडलाची खिळी पाहावी. अगदी तळाशी दाबल्यावरच अडकते, तर चटई पाहावी. शिवाय लिव्हर मर्यादेपलीकडे फिरून उलटते काय, तेही पाहावे.

परत येते पण आळसावल्यासारखे येते, तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा सगळीकडे मळ साठला आहे.

थंड गाडीत ठीक आणि तासभर चालल्यावर अडकते, तर केबल सायलेन्सरच्या तापत्या नळीजवळून गेली असेल आणि तिची आतली प्लॅस्टिक नळी मऊ होत असेल.

भरलेली गाडी चढावर ओढतानाच अडकते, तर इंजिनाखालचे रबरी पाय तुटले असतील. जोर लागताच इंजिन कलते आणि केबल आपोआप ओढली जाते. हे काम मिस्त्रीचे.

आणि पेडल पूर्ण वर आलेले असूनही इंजिन जोरात फिरत राहिले, तर तो पेडलाचा दोषच नव्हे. चोक ओढलेला राहिला असेल, हवा कोठून तरी आत शिरत असेल, किंवा डिझेल गाडी असेल तर पुढे सांगितलेला दोष असेल. येथे केबलला तेल घालून काही होणार नाही.

दोष कोठे आहे ते शोधणे

गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद आणि थंड असावे. हँडब्रेक ओढून चाकांना पुढेमागे दगड लावावे, किल्ली खिशात ठेवावी. बिडीकाडी दूर. साडीचा पदर, सैल बाही, गळ्यातील फडके आवरून घ्यावे. दोन माणसे असावीत.

पहिली पायरी: चटई काढून पेडल हाताने सावकाश दाबावे व सोडावे. पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण, अशा चारही जागांवरून ते स्वतः परत येते काय ते पाहावे. पाय जाड असतो, त्याला खरखर कळत नाही, हाताला कळते. पेट्रोल गाडीत मात्र उगाच वीसपंचवीस वेळा पेडल मारू नये. कार्ब्युरेटरमध्ये एक लहान पंप असतो. इंजिन बंद असले तरी प्रत्येक दाबाबरोबर तो पेट्रोलची पिचकारी सोडतो. इंजिन पेट्रोलने भिजते आणि आगीचे भय राहते.

दुसरी पायरी: एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने बॉनेटखाली पाहावे. ओम्नीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असते. तेथे सीट उचलून पाहावे लागते. पेडल सोडल्यावर लिव्हर थांब्याला टेकते काय? केबल कोठे वाकते, कशाला घासते? स्प्रिंगच्या दोन्ही आकड्या शाबूत आहेत काय?

तिसरी पायरी हीच खरी परीक्षा आहे. केबलचे टोक लिव्हरपासून सोडवावे. आता वाट दोन भागांत तुटली. लिव्हर बोटाने फिरवून सोडावे. ते टपकन परत आले तर कार्ब्युरेटर आणि स्प्रिंग निर्दोष. चोर केबलमध्ये किंवा पेडलात आहे. लिव्हरच अडले तर चोर इंजिनाकडे आहे.

चौथी पायरी: केबलकडे संशय असेल तर पेडलाकडचे टोकही सोडवावे. आता पेडल एकटे झुलवून पाहावे आणि आतली तार दोन्ही हातांनी मागेपुढे ओढून पाहावी. ती लोण्यातून गेल्यासारखी गेली पाहिजे. खरखर लागली, अडली, की सापडला चोर.

दांड्यांच्या गाडीतही हीच रीत. एकेक सांधा सोडवत जावे आणि प्रत्येक तुकडा वेगळा हलवून पाहावा.

दुरुस्ती

पेडलाची खिळी: चिखल खरवडून काढावा. तारेच्या ब्रशने गंज घासावा, रॉकेल किंवा डिझेलने धुऊन फडक्याने कोरडे करावे आणि पातळ तेलाचे दोन थेंब सोडावे. ग्रीसचा गोळा थापू नये. त्याला धूळ चिकटून पुन्हा चिखलच होतो. खिळी झिजून पेडल डगडगत असेल तर खिळी व बुश बदलावे.

केबल: आतली तार फडक्यातून ओढून पाहावी. तुटलेला पदर फडक्याला धागा काढतो. उघड्या बोटाने पाहू नये, सुईसारखा घुसतो. एक जरी पदर तुटलेला दिसला तरी केबल बदलावी. तुटका पदर कापून पुन्हा वापरू नये, कारण एक तुटला म्हणजे शेजारचेही थकलेले असतात. बाहेरची नळी चेपली, वितळली किंवा मुरडली असेल तरीही बदलावी.

तार शाबूत असून नुसती कोरडी असेल तर केबल खुंटीला उभी टांगावी. वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा नरसाळ्यासारखा बांधून त्यात शिवणयंत्राचे पातळ तेल घालावे व रात्रभर ठेवावे. खालून स्वच्छ तेल ठिबकू लागले की झाले. मात्र ज्या केबलला आतून नायलॉनची नळी असते तिला असे तेल घालू नये. तेलात धूळ बसून ती अधिकच अडते. ती अडत असेल तर नवी आणावी.

नवी केबल त्याच गाडीची, त्याच लांबीची घ्यावी. जुनी ज्या वाटेने होती त्याच वाटेने नेऊन त्याच क्लिपांत बसवावी. तापत्या नळीपासून दूर ठेवावी, कोठेही एकदम मोडल्यासारखी वळू देऊ नये. शेवटी ताण जुळवावा: पेडल वर असताना तार किंचित सैल असावी, म्हणजे लिव्हर थांब्याला पूर्ण टेकेल, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर चकती पूर्ण उघडावी, त्यापलीकडे तार ताणली जाऊ नये. गाडीच्या पुस्तकात माप दिले असेल तर तेच धरावे.

स्प्रिंग: गंजलेली, लांबलेली किंवा आकडी झिजलेली स्प्रिंग बदलावी. जिथे मूळच्या दोन स्प्रिंगा होत्या तिथे दोनच बसवाव्या. एक तुटली तर दुसरीने गाडी सावरावी म्हणून त्या दिलेल्या असतात. फार जोरदार स्प्रिंग लावणेही चूक आहे. त्याने पाय दुखतो, केबल लवकर तुटते आणि चकतीचा दांडा झिजतो. आणि ट्यूबची पट्टी, सुतळी, केसांचे रबर? आमची गोष्ट वर सांगितलीच आहे.

कार्ब्युरेटर: हवेचे डबडे काढून चकतीच्या कडा पाहाव्या. काळा थर असेल तर बाजारात मिळणारे कार्ब्युरेटर क्लीनर फडक्यावर घेऊन पुसावे. चाकूने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये. चरा पडला की चकती कायमची बिघडते. फडक्याचा धागा, नट किंवा वॉशर आत पडू देऊ नये. दांडा झिजून वरखाली हलत असेल, किंवा कार्ब्युरेटरचे बोल्ट जास्त आवळल्याने तो वाकून चकती घासत असेल, तर हे घरचे काम नव्हे. थांबा-स्क्रूला हात लावायचा असेल तर आधी तो किती आटे आहे ते मोजून लिहून ठेवावे.

मावशी-काकूंनाही सांगणे आहे. हे काम घरी चालले असताना पेट्रोल धुण्यासाठी स्वयंपाकघरातील भांडे देऊ नये आणि पोरांना जवळ येऊ देऊ नये. कोणीही तोंडाने पेट्रोल ओढू नये. ते फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. चुकून गेलेच तर उलटी करवू नये, लगेच दवाखान्यात न्यावे. काम संपल्यावर हात साबणाने धुवावे.

डिझेल गाडीची वेगळी गोष्ट

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. म्हणून काही जुन्या डिझेल गाड्या किल्ली फिरवून बंद होत नाहीत. त्यांना ‘स्टॉप’ची मूठ ओढावी लागते. ती मूठ कोठे आहे आणि ओढल्यावर खरोखर काम करते काय, हे घरात सर्वांनी पाहून ठेवावे. तिचीही केबलच असते आणि तीही गंजते.

पंपाचे लिव्हर बाहेरून गंजले असेल तर स्वच्छ करून तेल द्यावे. ते आतूनच जड फिरत असेल तर पंप घरी उघडू नये, पंपवाल्याकडे न्यावा. काही जुन्या डिझेल इंजिनांत वेगावर ताबा ठेवायला हवेच्या ओढीवर चालणारा पडदा असतो आणि त्याला एक बारीक नळी जोडलेली असते. नळी निसटली किंवा पडदा फाटला तर पेडल वर असूनही इंजिन भरधाव सुटते. म्हणून ती नळी व तिचे जोड तपासत जावे.

हवेच्या डबड्यात तेल घालण्याची पद्धत असेल तर खुणेपर्यंतच घालावे. जास्त घातले तर इंजिन तेच तेल ओढून जाळू लागते आणि डिझेल तोडले तरी थांबत नाही. अशा वेळी गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडत इंजिन गुदमरवावे. किंवा हवेच्या तोंडावर जाड फळी दाबावी. तोंडावर हात किंवा सैल फडके कधीही धरू नये.

नव्या गाड्यांविषयी एकच वाक्य: ज्यांच्या पेडलाला केबल नाही, नुसती विजेची वायर आहे, त्यांत चटई आणि कचरा पाहण्यापलीकडे काही करू नये, सरळ वर्कशॉप गाठावे.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

इंजिन बंद ठेवून पुन्हा चार जागांवरून पेडल सोडून पाहावे. प्रत्येक वेळी लिव्हर थांब्याला ‘टक’ असे टेकले पाहिजे. मग न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून वेग थोडा वाढवून सोडावा; आवाज लगेच खाली आला पाहिजे. इंजिन चांगले तापू द्यावे आणि पुन्हा तेच करावे, कारण काही दोष उष्णतेतच तोंड काढतात. त्यानंतर मोकळ्या मैदानात किंवा कापणी झालेल्या शेतात, माल व माणसे न घेता, हळू चालवून पाहावी. पहिल्या दिवशीच भरलेली गाडी घाटात नेऊ नये. एकदाही शंका आली तर गाडी उभी करावी.

वर्षाचे वेळापत्रक

मेच्या अखेरीस, पावसापूर्वी: पेडल साफ करून तेल द्यावे, केबलची नळी कोठे फाटली आहे काय ते पाहावे. पाणी शिरते ते तेथूनच.

पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने शेडमध्ये उभी असेल तर आठवड्यातून एकदा पेडल दाबून सोडावे. बॉनेटखाली उंदीर चिंध्या आणि भाताचा पेंढा भरतात, केबल कुरतडतात, हे विसरू नये. सुगीला गाडी बाहेर काढताना आधी बॉनेट उघडावे, मग किल्ली लावावी.

सुगी संपल्यावर: केबल व स्प्रिंग हाताने तपासावी. एक नवी स्प्रिंग आणि एक केबल गाडीत ठेवावी. आपल्या गाडीचे सुटे भाग सहज मिळतात असे समजू नये. ॲम्बॅसडर 2014 मध्ये आणि ओम्नी 2019 मध्ये बनायची थांबली.

घरच्यासाठी अभ्यास

या आठवड्यात तीन गोष्टी कराव्या. एक: चालकाच्या पायाखालचे सर्व काढून पेडलाची पहिली परीक्षा घ्यावी. दोन: घरात जे जे गाडी चालवतात त्यांना उभ्या गाडीत ‘क्लच, न्यूट्रल, ब्रेक, मग बंद’ हा क्रम दहा वेळा करायला लावावा. डोक्याला माहीत असून उपयोग नाही, हातापायांना माहीत पाहिजे. तीन: गाडीत कोठे काही दोरी, रबर किंवा तार बांधून काम भागवले असेल तर ते काय झाकते आहे, ते शोधावे.

आमच्या पुतण्याने हा क्रम कधी केला नव्हता. त्याला तो वेळेवर सुचला, हे आमचे भाग्य. पण दुधाचे कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसांचे जीव आमच्या भाग्यावर टांगलेले असू नयेत. ती ट्यूबची पट्टी आम्ही फेकली नाही. गाडीच्या चावीच्या खुंटीला बांधून ठेवली आहे. चावी काढताना ती रोज हाताला लागते.